दोघांचं एकच कपाट: आवरायला बसल्यावर नेमकं अडतं कुठे?

शहरातल्या वन बीएचके किंवा टू बीएचके घरात बेडरूममधलं कपाट क्वचितच एकाचं असतं. नवरा-बायकोचे रोजचे कपडे, लग्नातला शालू, सासूबाईंनी ठेवायला दिलेल्या साड्या, आहेराचे शर्टपीस, घराची कागदपत्रं, बाळाची झबली असं सगळं दोन दारांच्या आड राहतं. त्यामुळे एकट्याचं कपाट आवरण्याच्या युक्त्या इथे अर्ध्यावरच थांबतात. कपडे जास्त झालेत हे दोघांनाही मान्य असतं. कोणाचे जास्त झालेत, यावर मात्र एकमत होत नाही.

म्हणून आवरायला बसल्यावर पहिला प्रश्न ‘हे ठेवायचं का?’ हा नसावा. ‘हे कोणाचं?’ हा असावा.

आधी मालक, मग वस्तू

जपानच्या मारी कोंडो यांचं पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आलं आणि २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांची मालिका आली. तेव्हापासून सगळे कपडे एका जागी ओतायचे आणि एकेक हातात घेऊन ठरवायचं, ही पद्धत आपल्याकडेही रील्समधून घरोघरी पोहोचली. त्याच पुस्तकातली दुसरी सूचना फारशी फिरली नाही: घरातल्या दुसऱ्या माणसाच्या वस्तू त्याला न विचारता टाकू नका. एकत्र कपाटात तीच जास्त कामाची आहे. कॉलेजचा विटका टी-शर्ट किंवा ‘कधीतरी बारीक झाल्यावर’ घालायचा ड्रेस टाकायचा की नाही, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं. जोडीदाराने फार तर विचारावं.

सगळं एकदम बाहेर काढण्यातही अडचण आहे. बहुतेक घरांत ओतायला मोकळी जागा म्हणजे फक्त बेड. रविवारी दुपारी ओतलेला ढीग रात्री झोपायच्या वेळी जसाच्या तसा उचलून आत कोंबला जातो. त्यापेक्षा एका वेळी एकच खण रिकामा करावा आणि तो पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. खणातलं सामान चार भागांत निघतं: तिचं, त्याचं, दोघांचं आणि तिसऱ्याचं. चादरी, पांघरुणं, कागदपत्रं, बॅगा हे दोघांचं. नणंदेची राहिलेली साडी, गावाला गेलेल्या आईंची शाल, भावाचा ब्लेझर हे तिसऱ्याचं. बऱ्याच कपाटांत जागा खरी या शेवटच्या दोन भागांनी खाल्लेली असते, आणि त्यांच्याबद्दल कोणीच निर्णय घेत नाही, कारण ते कोणा एकाचं नसतं. दोघांच्या सामानासाठी बॉक्स बेड किंवा माळा शोधावा. तिसऱ्याचं सामान एका पिशवीत भरून, त्यावर नाव लिहून मालकाला फोन करावा.

लॉकरमधले दागिने आणि लग्नातल्या साड्यांबाबत कायदाही स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की स्त्रीधनावर पत्नीचा पूर्ण हक्क असतो आणि ते सासरच्या घरात ठेवलं म्हणून नवरा त्याचा सहमालक होत नाही. तेव्हा ‘घरातलंच आहे’ म्हणून तिचा शालू परस्पर कोणाला देणं हा आवराआवरीचा भाग होऊ शकत नाही.

निम्मं-निम्मं का जमत नाही

गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली आणि पुढे कुठल्याही लोखंडी कपाटाला लोक ‘गोदरेज’च म्हणू लागले. या कपाटाची उंची साधारण साडेसहा फूट, रुंदी तीन फूट आणि खोली १९ इंचांच्या आसपास असते. शर्टाचा हँगर त्यात मावतो, पण कोट किंवा ब्लेझर दाराला घासतो. सुतार जे लाकडी कपाट करतात त्याची खोली बहुधा दोन फूट धरली जाते, ती यासाठीच.

ही मापं लक्षात घेतली की मधोमध रेघ ओढून वाटणी करणं किती चुकीचं आहे ते कळतं. एकाचे १५ शर्ट-पँट हँगरवर राहतात, दुसरीच्या ४० साड्या आणि कुर्ते घडीवर. एकाला दांडी जास्त हवी, दुसरीला खण. शिवाय नजरेच्या उंचीचा खण हा कपाटातला मोक्याचा प्लॉट असतो. तो रोज लागणाऱ्या कपड्यांना जावा, आणि दोघांच्या उंचीत फरक असेल तर बुटक्या माणसाच्या हिशेबाने. वर्षातून दोनदा लागणाऱ्या गोष्टी सगळ्यात वर.

दार कुठल्या प्रकारचं आहे, यावरही बरंच ठरतं. बेड आणि कपाट यांत जागा कमी असल्याने नव्या फ्लॅटमध्ये सरकती दारं बसवतात. त्यांत एका वेळी एकच बाजू उघडते. डावी बाजू त्याची आणि उजवी तिची केली, तर सकाळी दोघांनाही एकदम कपडे काढता येत नाहीत. सव्वासहाची लोकल पकडणाऱ्याने दुसऱ्या दिवसाचे कपडे रात्रीच बाहेर काढून ठेवावेत. दुसऱ्याची झोप वाचते.

घडीच्या कपड्यांचा थर आठ-दहाच्या वर नेऊ नये, नाहीतर खालचा कपडा ओढताना सगळा मनोरा कोसळतो. स्वेटर टांगू नयेत, ते लोंबून बेढब होतात.

पैठणी, पावसाळा आणि डांबर गोळ्या

जड रेशमी साडी दिवसेंदिवस हँगरवर ठेवली तर वजनाने ओढली जाते. ती घडी करून मलमलच्या किंवा धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावी, आणि दर काही महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घालावी. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम आणि जर नेमकं त्या रेषेवर तुटतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा अडकतो, म्हणून ती पिशवी दुकानातून आणण्यापुरतीच.

मुंबई, कोकण, गोवा इथे जुलैमध्ये कपाट आवरायला काढणं म्हणजे ओली हवा आत भरून घेणं. पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं की, दसरा-दिवाळीच्या साफसफाईबरोबर हे काम करावं. सुती कपडे आणि पांघरुणांना ऊन द्यावं. रेशीम मात्र सावलीतल्या वाऱ्यावर ठेवावं, कारण उन्हाने रंग उडतो. कपाट बाहेरच्या ओलसर भिंतीला चिकटलेलं असेल तर दोन-तीन इंच पुढे ओढावं.

डांबर गोळ्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. नॅप्थलीनच्या वाफेने कसर लांब राहते, पण बुरशी किंवा दमटपणा थांबत नाही. गोळी जरीला थेट लागू देऊ नये. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाळाची झबली, टोपडी, दुपटी या गोळ्यांबरोबर ठेवूच नयेत. नॅप्थलीन शरीरात गेल्याने तान्ह्या बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी फुटून कावीळ वाढू शकते. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना हा धोका अधिक असतो, आणि ही कमतरता घरच्यांना आधी माहीत असतेच असं नाही. मोठ्या भावंडाचे जपून ठेवलेले कपडे धाकट्याला घालायची आपल्याकडे रीत आहे, म्हणून हे सांभाळायला हवं. पूर्वी कपड्यांत वेखंडाचे तुकडे किंवा सुकवलेला कडुनिंबाचा पाला ठेवत. पुरचुंडी बांधून ठेवली तर डाग पडत नाहीत.

आहेराचा खण

मराठी घरातल्या कपाटात एक खण असा असतो ज्यातलं काहीच कोणी घालत नाही: ब्लाऊजपीस, शर्टपीस, टॉवेल, न उघडलेल्या साड्या. हा फिरता आहेर. तो टाकून द्यायची गरज नाही, पण त्याला मर्यादा हवी. एक खोका ठरवावा. तो भरला की पुढच्या लग्नाला दुकानात जायचं नाही, त्यातूनच द्यायचं. प्रत्येक वस्तूला कोणी दिली त्याची चिठ्ठी टाचून ठेवावी. मावशीची साडी मावशीलाच परत गेल्याचे किस्से बऱ्याच घरांत आहेत आणि ते फारसे हसण्यावारी नेले जात नाहीत.

साडीच्या घडीतले कागद

काहीही बाहेर जाण्याआधी खिसे आणि घड्या तपासाव्यात. जुनं पासबुक सापडलं तर फाडू नये. दहा वर्षं पडून राहिलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात, पण खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क जात नाही. अनेक बँकांतल्या अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ पोर्टल सुरू केलं. मे २०२३ मध्ये मागे घेतलेल्या २००० रुपयांच्या नोटा अजूनही वैध चलन आहेत. त्या रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत स्वीकारल्या जातात, त्यांत मुंबई, बेलापूर आणि नागपूर आहेत. २०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटांना मात्र काही किंमत नाही, आणि २०१७ च्या कायद्याने अशा दहापेक्षा जास्त नोटा सर्वसाधारण माणसाला बाळगताही येत नाहीत.

बाहेर काढलेलं कुठे जातं

बोहारणीला कपडे देऊन भांडी घेणं ही जुनी सोय अजून बऱ्याच गल्ल्यांत चालू आहे. जरीची जुनी साडी तिथे देण्याआधी जर अस्सल आहे का, ते पाहून घ्यावं. खऱ्या जरीत चांदी असते आणि जरीवाले ती वजनावर घेतात. १९९९ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ‘गूंज’ ही संस्था स्वच्छ, वापरण्याजोगे कपडे गोळा करते. विरलेल्या सुती साड्यांची गोधडी होते. फाटके लोकरी कपडे भंगारातून बऱ्याचदा हरियाणातल्या पानिपतला पोहोचतात आणि तिथे त्यांचं सूत काढून ब्लँकेट विणली जातात.

गेलेल्या माणसाचे कपडे या हिशेबात धरू नयेत. सासऱ्यांचं जाकीट किंवा आईचं लुगडं कपाटात किती दिवस राहणार, हे ज्याचं माणूस गेलं त्याने ठरवावं, आणि तोवर ज्याला अडचण होते त्याने आपला एखादा खण कमी करून घ्यावा.