खुब्याचं ऑपरेशन: ज्येष्ठांसाठी पूर्ण भूल जास्त धोक्याची असते का?

बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडणं हा ज्येष्ठांमधला नेहमीचा अपघात. ऑपरेशन ठरलं की नातेवाईक हमखास विचारतात, "या वयात पूर्ण भूल झेपेल का? त्यापेक्षा पाठीतलं इंजेक्शन बरं नाही का?" गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या चाचण्यांनी या प्रश्नाचं उत्तर शोधलं आहे.

दोन्हींत फरक काय?

पूर्ण भुलीत, म्हणजे जनरल अ‍ॅनेस्थेशियात, रुग्ण बेशुद्ध असतो आणि श्वासासाठी बहुतेकदा नळी घातली जाते. स्पायनलमध्ये पाठीच्या मणक्यांमधून इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. रुग्ण स्वतः श्वास घेतो, पण त्याला गुंगीचं औषध दिलं जाऊ शकतं.

समजूत कुठून आली?

बेशुद्ध न करणं म्हणजे कमी धोका, हे सरळ वाटतं. पूर्ण भुलीमुळे ज्येष्ठांना 'डिलिरियम' होतो, असंही मानलं जायचं. डिलिरियम म्हणजे ऑपरेशननंतर अचानक गोंधळून जाणं, माणसं न ओळखणं, असंबद्ध बोलणं. पण जुन्या अभ्यासांपैकी अनेकांत रुग्णाची तब्येत बघून भूल निवडली गेली होती. त्यामुळे फरक भुलीचा की मुळातल्या आजाराचा, हे सांगणं अवघड होतं.

चाचण्यांत काय दिसलं?

अमेरिका आणि कॅनडातल्या ४६ रुग्णालयांत 'रीगेन' चाचणी झाली. पन्नाशी ओलांडलेल्या १,६०० रुग्णांना कोणती भूल द्यायची, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं गेलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. ६० दिवसांत मृत्यू झालेले किंवा आधाराशिवाय अथवा वॉकर घेऊनही चालू न शकणारे रुग्ण स्पायनल गटात १८.५ टक्के होते, तर पूर्ण भुलीच्या गटात १८ टक्के. डिलिरियमचं प्रमाणही जवळपास सारखंच होतं: २०.५ आणि १९.७ टक्के.

स्पायनलसोबतच्या गुंगीच्या औषधामुळे तर फरक दिसला नसेल? चीनमधल्या 'रागा' चाचणीत ६५ किंवा त्याहून अधिक वयाचे ९५० रुग्ण होते. एका गटाला गुंगी न देता फक्त अंग बधिर करणारी भूल दिली. तरीही डिलिरियम ६.२ टक्के रुग्णांना झाला, पूर्ण भुलीच्या गटात ५.१ टक्के. हा फरक लक्षणीय नव्हता.

मग निवड कशी करायची?

दोन्ही प्रकार चालतील अशा रुग्णांसाठीच हे निष्कर्ष आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर स्पायनलमध्ये मणक्यात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. हृदयाची झडप खूप अरुंद असेल किंवा फुप्फुसाचा आजार असेल, तर भूलतज्ज्ञांचा निर्णय बदलू शकतो.

आणखी कशाने फरक पडतो?

ऑपरेशन कधी होतं, यानेही. 'हिप अटॅक' या चाचणीत भारतासह १७ देशांतले २,९७० रुग्ण होते. निदानानंतर साधारण ६ तासांत ऑपरेशन झालेल्या आणि २४ तासांनी झालेल्या गटांत मृत्यूचं प्रमाण सारखंच राहिलं. मात्र लवकर ऑपरेशन झालेल्यांमध्ये डिलिरियम कमी दिसला (९ विरुद्ध १२ टक्के) आणि ते लवकर उभे राहिले.

डॉक्टरांना काय विचाराल?

• ऑपरेशन कधी होईल? उशीर होणार असेल तर कारण काय?
• तोपर्यंत दुखणं कमी करण्यासाठी नर्व्ह ब्लॉक देता येईल का?
• ऑपरेशननंतर कधी उभं करणार?
• चष्मा आणि कानाचं मशीन परत कधी देता येईल? ओळखीचं माणूस जवळ थांबू शकेल का?

सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञांना आधीच दाखवा. पूर्ण भुलीच्या भीतीने ऑपरेशन पुढे ढकलण्याला मात्र या संशोधनात आधार सापडत नाही.