दोन भाषांचे मूल : एका शंकेचा शंभर वर्षांचा इतिहास

शाळाप्रवेशाच्या दिवसांत पालकांच्या तोंडून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. घरात मराठी, गल्लीत आणि बाजारात हिंदी, पुढे इंग्रजी; इतक्या भाषांमध्ये मूल गोंधळून तर जाणार नाही ना? ते उशिरा बोलू लागेल का? अखेरीस एकही भाषा धड येणार नाही, असे तर होणार नाही? महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे, आणि घराघरांत त्याचे जे उत्तर दिले गेले त्यावर आपल्यासारख्या शाळांचा पट वाढला किंवा घटला. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या इतिहासाबरोबर या शंकेचाही इतिहास पाहणे उचित होईल. ही शंका आईबापांच्या मायेतून आपोआप उगवलेली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विद्वानांनीच तिला शास्त्राचा आधार दिला, आणि पुढे विद्वानांनीच तो काढून घेतला. आधार दिल्याची वार्ता दूरवर पोहोचली. तो काढून घेतल्याची वार्ता मात्र अनेक घरांपर्यंत अजून पोहोचायची आहे.

या संशोधनाचा आरंभ एका घरातल्या पाळण्यापाशी झाला. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल रोंझा यांची पत्नी जर्मन होती. १९०८ साली त्यांना लुई हा मुलगा झाला, तेव्हा त्यांनी आपले स्नेही व भाषाशास्त्रज्ञ मोरीस ग्रामाँ यांचा सल्ला घेतला. सल्ला साधा होता : मुलाला काही शिकवू नका, फक्त बोला, वडिलांनी नेहमी फ्रेंच बोलावे, आईने नेहमी जर्मन. ‘एक व्यक्ती, एक भाषा’ हे आज जगभरच्या पालकांना सांगितले जाणारे सूत्र तेथून आले. रोंझांनी लुईच्या बोलण्याच्या बारीक नोंदी ठेवल्या आणि १९१३ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. मूल दोन्ही भाषांचे उच्चार योग्य रीतीने आत्मसात करीत होते आणि कोणाशी काय बोलावे हे लवकरच ओळखू लागले होते. गोंधळाची चिन्हे फारशी आढळली नाहीत.

पुढचे मोठे काम अमेरिकेत झाले. जर्मनीतून तेथे गेलेले प्राध्यापक वर्नर लिओपोल्ड यांनी १९३० साली जन्मलेल्या आपल्या हिल्डेगार्ड या कन्येशी जर्मन बोलण्याचा नेम ठेवला. आई इंग्रजी बोलत असे. या एका मुलीच्या भाषेवर त्यांनी १९३९ ते १९४९ या दशकात चार खंड प्रसिद्ध केले. त्यातले एक निरीक्षण कोणत्याही आजीला रुचेल असे आहे. लहान मुले ठरलेली गोष्ट ठरलेल्याच शब्दांत सांगा म्हणून हट्ट धरतात, एक शब्द बदलला तरी अडवतात. हिल्डेगार्डचा असा हट्ट नव्हता. एकाच वस्तूला दोन नावे असतात हे तिला फार लवकर कळले असल्याने शब्द आणि अर्थ यांची गाठ तिच्या मनात सैल राहिली, असा अर्थ लिओपोल्ड यांनी लावला. दुसरे निरीक्षण अधिक बोधप्रद आहे. अमेरिकेत तिची जर्मन मागे पडत चालली होती. परंतु सुमारे पाच वर्षांची असताना ती काही महिने जर्मनीत राहिली, तेव्हा काही आठवड्यांतच जर्मन सफाईने बोलू लागली आणि इंग्रजी अडखळू लागली. परत आल्यावर पुन्हा उलट घडले. ज्या भाषेचा शेजार, त्या भाषेचा जोर, हे तेव्हाच दिसून आले होते.

मात्र या दोन्ही नोंदी सुशिक्षित, सुस्थितीतल्या घरांतल्या, त्याही पंडित पित्यांनी लिहिलेल्या. सामान्य घरांतली मुले अभ्यासकांसमोर आली ती निराळ्या वाटेने, बुद्धिमापनाच्या चाचण्यांतून. डी. जे. सेअर यांनी १९२३ मध्ये वेल्स प्रांतातील सुमारे १४०० शाळकरी मुलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. ग्रामीण भागात वेल्श आणि इंग्रजी बोलणारी मुले केवळ इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या मागे पडलेली दिसली. शहरी मुलांत असा फरक दिसला नाही, पण लक्षात राहिला तो पहिलाच निष्कर्ष. त्याच सुमारास, १९२२ मध्ये, ऑटो येस्पर्सन यांच्यासारख्या थोर भाषाशास्त्रज्ञानेही लिहिले होते की दोन भाषा शिकणारे मूल त्यांतली एकही पूर्णत्वाने शिकत नाही आणि त्यात त्याची बुद्धिशक्ती खर्ची पडते. पुढली तीन-चार दशके हाच सूर टिकला. स्थलांतरितांच्या मुलांना घरची भाषा सोडण्याचा सल्ला मिळे, आणि तो सद्भावनेने दिला जाई.

चूक कोठे होती? तुलना सारख्यांची सारख्यांशी झालीच नव्हती. दोन भाषा बोलणारी मुले बहुधा शेतकरी, मजूर वा नव्याने आलेल्या कुटुंबांतली असत. एक भाषा बोलणारी अधिक सुस्थितीतली. चाचणीही अनेकदा मुलाच्या दुबळ्या भाषेत घेतली जाई. गरिबीचा परिणाम अशा रीतीने भाषेच्या खात्यावर मांडला गेला. वेल्समध्येच डब्ल्यू. आर. जोन्स यांनी १९५९ मध्ये पालकांचा व्यवसाय लक्षात घेऊन तुलना केली, आणि द्विभाषिकता ही बुद्धीच्या आड येणारी गोष्ट नव्हे असे दाखवले. मग १९६२ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रिअल येथे एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी फ्रेंच शाळांतल्या दहा वर्षांच्या मुलांचे दोन गट तपासले. घरची स्थिती सारखी राहील याची त्यांनी काळजी घेतली होती. फ्रेंच व इंग्रजी दोन्ही चांगल्या येणारी मुले बहुतेक चाचण्यांत पुढे निघाली. या अभ्यासावरही पुढे आक्षेप आले : दोन्ही भाषांत तरबेज मुलेच निवडली, तर ती मुळात हुशार असणारच. तो आक्षेप रास्त आहे. दोन भाषांनी मूल अधिक बुद्धिमान होते, असा दावा म्हणूनच सावधपणे करावा. परंतु दोन भाषांनी ते मंद होते, हे मत त्यानंतर तग धरू शकले नाही.

आपली शाळा उभी राहिली तो हाच काळ. मराठीच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा होता. १९६४ मध्ये भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी मराठी बालबोलीवर एक निबंध इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बालबोलींची तुलना केली, आणि त्या सहांत मराठीचा समावेश होता. ‘भूभू’, ‘हम्मा’, ‘मंमं’, ‘भुर्र’ हे आपल्या स्वयंपाकघरांतले शब्द जगाच्या भाषाविचारात दाखल झाले. मोठी माणसे तान्ह्याशी बोलताना जाणूनबुजून भाषा सोपी करतात आणि ही सोपी भाषाही परंपरेने चालत येते, हे त्यातून पुढे आले. बाळाशी निरर्थक बोलत बसलेली आजी भाषेची पहिली शिक्षिका असते, याला अभ्यासकांचा दुजोरा मिळाला.

तान्हे मूल त्यातून काय टिपते, हे पुढे आपल्याच एका अक्षरजोडीने उघड झाले. ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला त आणि ट आपल्याला सहज वेगळे ऐकू येतात. इंग्रजीभाषक प्रौढांना ते फार कठीण जाते. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये हिंदीतील याच दोन ध्वनींवर प्रयोग केले. सहा ते आठ महिन्यांच्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हा फरक ओळखता येत होता; दहा ते बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांची ती शक्ती ओसरली होती. हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांत ती टिकून होती. म्हणजे पहिला शब्द उच्चारण्याआधीच मूल आपल्या भोवतालच्या भाषेत रुजू लागलेले असते.

पण भोवती दोन भाषा असतील तर मूल त्यांची एकच खिचडी करते का? इटलीतील वोल्तेरा आणि टेश्नर यांनी १९७८ मध्ये, प्रारंभी मुलाचा शब्दसाठा एकच असतो आणि भाषा हळूहळू वेगळ्या होतात, असे मत मांडले. मॉन्ट्रिअलचे फ्रेड जेनेसी यांनी १९८९ मध्ये त्याला आव्हान दिले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दोन वर्षांच्या आसपासच्या पाच फ्रेंच-इंग्रजी मुलांचे निरीक्षण केले, तेव्हा ती आईशी आईची आणि वडिलांशी वडिलांची भाषा अधिक वापरत असल्याचे आढळले. एक शब्द ठाऊक नसला की मूल दुसऱ्या भाषेतला उसना घेते. हा गोंधळ नसून काटकसर आहे. ‘आई, मला पानी दे’ म्हणणारे नातवंड आपल्या शहरांतल्या कोणत्या मराठी घरात नसेल?

मूल उशिरा बोलते, या समजाचीही तपासणी झाली. अमेरिकेतील मायामी येथे बार्बरा पिअर्सन, सिल्व्हिया फर्नांडेझ आणि किंब्रो ऑलर यांनी १९९३ मध्ये आठ ते तीस महिन्यांच्या मुलांचे शब्द मोजले. त्यांत २५ मुले स्पॅनिश-इंग्रजी वातावरणातली आणि ३५ एकभाषिक होती. फक्त एका भाषेचे शब्द मोजावेत तर द्विभाषिक मुलाचा साठा लहान दिसू शकतो. पण त्याने आत्मसात केलेल्या संकल्पना मोजाव्यात, म्हणजे ‘दूध’ आणि ‘मिल्क’ मिळून एक धरावे, तर ते मागे राहत नाही. मात्र त्याच चमूच्या पुढच्या अभ्यासाने हेही दाखवले की जी भाषा मुलाच्या कानावर जितकी पडते, तितके तिचे शब्द वाढतात. जी भाषा क्वचितच ऐकू येते ती वाढत नाही.

आपल्या देशातील पुरावा याहून जवळचा आहे. ओडिशाच्या फुलबाणी भागात कंध आदिवासींपैकी काही वस्त्यांत कुई आणि ओडिया या दोन्ही भाषा नांदतात, तर काही वस्त्यांत कुई लोपून केवळ ओडिया उरली आहे. समाज एक, दारिद्र्य सारखे, फरक भाषेचा. अजित मोहंती यांनी या दोन प्रकारच्या मुलांची तुलना केली, आणि १९९४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचे फलित मांडले. कुई राखलेली द्विभाषिक मुले बौद्धिक आणि भाषाविषयक चाचण्यांत सरस ठरली. वेल्समध्ये जी तुलना चुकली होती, ती येथे नीट झाली.

युरोपातले ‘एक व्यक्ती, एक भाषा’ हे सूत्र आपल्याकडे तसेच्या तसे लागू पडत नाही, हेही ध्यानात घ्यावे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाचा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे कन्नड, उर्दू आणि मराठी शतकानुशतके शेजारी नांदून त्यांची वाक्यरचना एकमेकींच्या जवळ आली होती, तरी घरातली भाषा घराघरांनी राखली होती. आपल्याकडे एकच माणूस दिवसभरात तीन भाषा बोलतो. मूल भाषा ओळखते ती माणसावरून, तशीच जागेवरून आणि प्रसंगावरून.

मग धोका खरोखर कोणाला आहे? आनिक दे हाउवर यांनी बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातील १८९९ कुटुंबांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. या घरांत पालकांपैकी किमान एक जण तेथील प्रमुख भाषेहून वेगळी भाषा बोलत असे. प्रमुख भाषा मुलांना येतच होती. पण सुमारे चौथ्या हिश्श्याच्या घरांत मुले दुसरी, अल्पसंख्य भाषा बोलत नव्हती. आईवडील दोघेही ती घरात बोलत असत तेथे ती बहुधा टिकली. एकट्यानेच बोलायची आणि दुसऱ्याने नाही, अशा घरांत ती डळमळली. शंभर वर्षांच्या शोधाचे सार मला यात दिसते. दोन भाषांनी मुलाची हानी होत नाही. हानी होते ती दोहोंतल्या लहान भाषेची, आणि तीही मुलामुळे नव्हे, तर मोठ्यांनी तिच्यात बोलणे थांबवल्यामुळे.

भारतीय संविधानात १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क समाविष्ट झाला, आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी पुरेशा सोयी करण्याची जबाबदारी राज्यांवर आली. आपल्यासारख्या शाळांना त्याचे बळ आहे. परंतु शाळा सहा वर्षांच्या मुलाला मराठी वाचायला शिकवू शकते. पहिल्या वर्षी त्याच्या कानावर पडायला हवी होती ती मराठी ती मागाहून पुरवू शकत नाही. आज अनेक माजी विद्यार्थी आजी-आजोबा झाले आहेत, आणि त्यांची नातवंडे दूरच्या शहरांत, कित्येकदा परदेशांत, दोन-तीन भाषांत वाढत आहेत. त्यांच्याशी बोलताना, ‘त्याला समजणार नाही’ म्हणून आपण भाषा बदलतो. त्याला समजते. आणि नाही समजले तर पुन्हा सांगावे, मराठीतच; भाषा शिकण्याची रीत हीच आहे.