महाड-पोलादपूरच्या मुलुखातील इंग्रजी शिक्षण

इंग्रजीच्या शिक्षणाचा विषय निघाला की महाराष्ट्रात लागलीच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, इंग्रजीवाचून तरणोपाय नाही. दुसरा म्हणतो, इंग्रजीने आमच्या मुलांची बुद्धी पांगळी केली. या वादात गेल्या पावणेदोनशे वर्षांत पुष्कळ शाई खर्च झाली आहे आणि तीत भर घालण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांला येथे विचारावयाचा आहे तो प्रश्न साधा आहे. सावित्रीकाठच्या आपल्या या मुलुखात इंग्रजी कोणाला शिकावयास मिळाली, ती कोणत्या रीतीने शिकवली गेली, आणि जो मुलगा मध्येच शाळा सोडून गेला त्याच्या पदरात काय पडले? या तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र ठेवली म्हणजे जे दिसते ते दोन्ही तटांच्या लोकांनी पाहण्यासारखे आहे.

राजभाषा आणि लोकभाषा यांतील अंतर आपल्या मुलुखाला नवे नाही. महाड तालुक्यातल्याच रायगडावर शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला, तो कारभारातील फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आणण्यासाठी. शिवभारत हे संस्कृत काव्य रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरास आहे. दरबारची भाषा एक, विद्वानांची दुसरी आणि शेतातली तिसरी, हा क्रम जुनाच. १८१८ च्या मे महिन्यात रायगड इंग्रजांच्या हाती पडला आणि या क्रमात आणखी एक भाषा येऊन बसली.

तथापि इंग्रजांनी आल्याबरोबर सर्वांना इंग्रजी शिकवावयास घेतली, ही समजूत बरोबर नाही. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने १८२३ साली शिक्षणाविषयी जे टिपण लिहिले, त्यात देशी भाषांतील शाळांवर भर होता. मेकॉलेचे प्रसिद्ध टिपण १८३५ चे आणि कलकत्त्याचे. मुंबई इलाख्यात त्याचा जोर तितका चालला नाही. पुढे १८४० नंतरच्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये या प्रश्नावर मोठी खडाजंगी झाली. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी उच्च शिक्षण इंग्रजीतून द्यावे म्हणत. नाना शंकरशेट आणि जर्व्हिस हे देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. अखेर तडजोड झाली. प्राथमिक शिक्षण मराठीत आणि वरचे इंग्रजीत, अशी दोन मजल्यांची इमारत उभी राहिली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले आणि वरच्या मजल्याचे दार म्हणजे मॅट्रिकची परीक्षा ठरली.

दोन मजल्यांच्या घरात जिना कोठे आहे, याला महत्त्व येते. मराठी चार इयत्ता झाल्या की मुलापुढे दोन वाटा येत. एक वाट मराठी सातवीची, व्हर्नाक्युलर फायनलची. तिच्या शेवटी शाळामास्तरकी किंवा तलाठ्याचे दप्तर. दुसरी वाट इंग्रजी पहिलीची. ती सात इयत्तांनी मॅट्रिकला आणि तेथून कचेरी, वकिली, कॉलेज यांकडे जाई. इंग्रजी शाळा गावोगाव नव्हत्या. आंबेनळी आणि कशेडी या घाटांच्या पायथ्याशी असलेल्या पोलादपुराकडील डोंगरवाड्यांतल्या मुलाला इंग्रजी शिकावयाची तर घर सोडणे भाग होते. पावसाळ्यात सावित्रीला पूर आला म्हणजे वाटा बंद. शिवाय कोणाच्या घरी वार लावून राहावे तर तेथेही जात आडवी येई. ही वाट ज्यांना चालता आली ते थोडे, आणि ते कोण हे जन्मावरून बहुधा आधीच ठरलेले असे.

या वाटेने माणूस किती उंच जाई, याचे उत्तम उदाहरण आपल्याच तालुक्यातले आहे. चिंतामणराव देशमुख १८९६ साली रायगडाजवळच्या नाते गावी जन्मले. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. पुढे केंब्रिज, आय. सी. एस., १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग केंद्रीय अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. इंग्रजी शिक्षणाने संस्कृत आणि मराठी यांचा नाश होतोच असे म्हणणाऱ्यांनी या एका माणसाकडे पाहावे. तीनही भाषा त्यांच्या ठिकाणी गुण्यागोविंदाने नांदल्या.

आता याच तालुक्यातला, जवळजवळ त्याच काळातला दुसरा मुलगा पाहा. रामचंद्र बाबाजी मोरे हे १९०३ साली जन्मले, दासगावचे. मुलगा हुशार, शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण झालेला. १९१४ साली तो महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मागावयास गेला, तेव्हा तो अस्पृश्य मानलेल्या जातीचा म्हणून त्याला दार बंद झाले. अकरा वर्षांच्या त्या मुलाची तक्रार पत्ररूपाने वर्तमानपत्रात छापून आली. परिणाम असा झाला की प्रवेश मिळाला. पण बसावयाचे वर्गाबाहेर, खिडकीशी. मास्तरांचा आवाज खिडकीतून बाहेर येई, तेवढी इंग्रजी त्याच्या वाट्याची.

देशमुख १९१२ साली विद्यापीठात पहिले आले आणि मोरे १९१४ साली खिडकीबाहेर बसले. मधले अंतर दोन वर्षांचे. दोघांच्या बुद्धीची तुलना आम्ही करीत नाही, ती करण्याचे कारणही नाही. आम्ही एवढेच म्हणतो की भिंतीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरवताना बुद्धीला कोणी विचारले नव्हते.

वर्तमानपत्रातल्या एका पत्राला इतकी ताकद कोठून आली, हेही समजून घेतले पाहिजे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत घालून दिली होती. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या शाळेने सार्वजनिक मुलाला नाही कसे म्हणावे, हा प्रश्न त्या पद्धतीच्या पोटातच होता. तो जुनाही होता. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि मुंबई सरकारने तो नाकारला. विलायतेतील कंपनीच्या संचालकांना मात्र ते पसंत पडले नाही. १८८२ च्या हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी साक्ष दिली, तीत त्यांचे सांगणे असे होते की रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाचे शिक्षण चालते आणि रयतेची मुले कोरडीच राहतात.

आपल्या मुलुखात या कोरडेपणाला एक अपवाद होता, तो लष्कराचा. कंपनीच्या आणि नंतरच्या फौजेत महार शिपाई होते आणि पलटणींत शिक्षणाची सोय असे. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ छापून अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार विचारला. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, आणि खुद्द बाबासाहेब १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाले. परंतु १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली आणि ही वाटही खुंटली. मग उरली गावची शाळा आणि तिची खिडकी.

पुढचा इतिहास आपणांस पाठ आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. चवदार तळ्यामुळे या ठरावातले पाणवठे सर्वांच्या लक्षात राहिले, पण त्याच ठरावात सार्वजनिक शाळांचाही उल्लेख होता, हे फारसे कोणी सांगत नाही. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे या लढ्यात पुढे होते. १९ आणि २० मार्च १९२७ ला येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या प्रमुख संयोजकांत एक रामचंद्र बाबाजी मोरे होते. तळ्याचे पाणी आणि शाळेतली जागा हे एकाच मागणीचे दोन भाग होते, असे आम्हांला वाटते ते यामुळेच.

दार उघडले, येथवर ठीक. पण आत गेल्यावर शिकवले काय आणि कसे? येथे आपला दुसरा प्रश्न येतो.

पहिली रीत भाषांतराची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या वाढल्या. मराठी वाक्य घ्यावयाचे, त्याचे इंग्रजी करावयाचे, नियम समजून घ्यावयाचा. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी, इंग्रजीत मध्ये. मराठीत ‘ए’, ‘अॅन’, ‘द’ ही उपपदे मुळीच नाहीत. हे फरक भाषांतराने नीट ध्यानात येत. ही रीत मुलाच्या मातृभाषेला पायरी मानत होती, हा तिचा मोठा गुण. दोष असा की मुलगा इंग्रजी सोडवावयास शिके, बोलावयास शिकत नसे.

या दोषावर उपाय म्हणून प्रत्यक्ष पद्धती आली. वस्तू दाखवा, इंग्रजी नाव सांगा, मराठी मध्ये आणू नका. कल्पना चांगली, परंतु तिला स्वतः अस्खलित इंग्रजी बोलणारा मास्तर लागतो. ज्या मास्तराने इंग्रजी माणसाच्या तोंडून कधी ऐकलीच नाही, पुस्तकातूनच शिकली, त्याने ती प्रत्यक्ष कशी शिकवावी? स्वातंत्र्यानंतर वाक्यरचनांवर आधारलेली पद्धत आली. थोड्या रचना, ठराविक शब्द, सराव पुष्कळ. हीत शास्त्र होते, पण पन्नास-साठ मुलांच्या वर्गात तिचा एकसुरी घोष झाला. मुले ‘धिस इज अ पेन’ म्हणत, आणि पुष्कळांच्या हाती पेन्सिलीचा तुकडा असे.

या सर्व पद्धतींपेक्षा आपल्या मुलुखाला अधिक उपयोगी पडेल असा एक विचार ढाक्क्यात शिकवणाऱ्या मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकाने १९२६ साली मांडला. विम्याची पॉलिसी मुदतीपूर्वी मोडली तरी काही रक्कम हाती येते. वेस्टने विचारले, इंग्रजीचा अभ्यास मध्येच सोडणाऱ्या मुलाच्या हाती काय येते? बंगालमध्ये त्याला दिसले ते असे की अभ्यासक्रम सगळा शेवटपर्यंत टिकणाऱ्या मूठभरांसाठी आखलेला आहे. मधून गळणाऱ्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणून आधी समजून वाचता येणे, असा क्रम त्याने सांगितला.

महाड-पोलादपूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. येथली मुले मिसरूड फुटण्याआधी मुंबईची वाट धरीत. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी घरकामास. शाळा पुरी करणे हा अपवाद, सोडणे हा नियम. अशा मुलुखात शाळेची परीक्षा पहिल्या आलेल्या मुलावरून घेणे म्हणजे कळस पाहून देवळाचा पाया ठरवणे होय.

सरकारी धोरणाचा लंबक मात्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात राहिला. खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात पाचवी ते सातवीची इंग्रजी काढली आणि ती आठवीपासून सुरू केली. हेतू मातृभाषेचा होता आणि तो वाईट नव्हता. पण ऐपतवाल्यांनी शिकवण्या लावल्या आणि सातवीत शाळा सोडणाऱ्या डोंगरातल्या मुलाला इंग्रजीचे अक्षरही दिसेनासे झाले. महाराष्ट्र राज्यात ती पुढे पाचवीवर आली, आणि २००० साली पहिलीपासून सुरू झाली. उच्च शिक्षणाचे दारही जवळ आले. १९६१ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय काढले. ज्या गावात इंग्रजीसाठी खिडकीशी बसावे लागले, त्या गावात बाबासाहेबांच्या नावाचे कॉलेज उभे राहिले, ही लहान गोष्ट नव्हे.

मग काम संपले काय? आम्हांला तसे वाटत नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत आणि तेथे आपल्याच गावांतली माणसे काम करतात. रसायनाच्या पिंपावर इंग्रजी शब्द असतो, ‘इनफ्लेमेबल’. ‘इनकरेक्ट’ म्हणजे बरोबर नसलेले, ‘इनकम्प्लीट’ म्हणजे पुरे नसलेले, एवढे व्याकरण पाठ केलेला तरुण या शब्दाचा अर्थ ‘न पेटणारे’ असा लावील. खरा अर्थ नेमका उलटा, झटकन पेट घेणारे. याचसाठी पुष्कळ ठिकाणी आता नुसते ‘फ्लेमेबल’ लिहितात, अर्थ तोच. पाठांतराची इंग्रजी आणि समजलेली इंग्रजी यांत किती अंतर असते, ते येथे कळते. परीक्षेत अशा चुकीला एक गुण जातो; कारखान्यात जीव जाऊ शकतो.

पहिलीपासून इंग्रजी आली म्हणजे खिडकी नाहीशी झाली, असा समज करून घेऊ नये. एका वर्गात बसून, एकच पुस्तक उघडून, एक मूल समजते आणि दुसरे नुसते फळ्यावरचे उतरवून घेते. ते दुसरे मूल आजही खिडकीबाहेरच आहे. फरक इतकाच की आता ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. दोन शिक्षकी शाळेत एकाच मास्तराने अनेक इयत्ता सांभाळावयाच्या आणि त्यातच इंग्रजी शिकवावयाची, अशी स्थिती असेल तर दोष त्या मास्तराला देऊन भागणार नाही.

आपण नागरिक यात काय करू शकतो? शाळेच्या पाटीवर कोणते माध्यम लिहिले आहे एवढेच पाहून पोरांना धाडण्याचे सोडून द्यावे आणि शाळेत जाऊन एक गोष्ट पाहावी. चौथीतले, सातवीतले, आठवीतले मूल उद्या शाळेत आले नाही, तर आज त्याला काय येते? औषधाच्या बाटलीवरचे, पिंपावरचे, बँकेच्या चिठ्ठीवरचे चार शब्द वाचून त्यांचा अर्थ मराठीत सांगता येतो काय? येत असेल तर ती शाळा इंग्रजी शिकवते. येत नसेल तर मास्तरांशी बसून बोलावे, ग्रामसभेत विचारावे, आणि शिक्षक कमी असतील तर ते मागावेत. अकरा वर्षांच्या एका मुलाच्या पत्राने या गावातल्या शाळेला उत्तर द्यावयास लावले होते. आपण तर वयाने मोठे आहोत आणि संख्येनेही पुष्कळ आहोत.