प्लास्टर किती, मोकळीक किती

ऑक्टोबर 1902 मध्ये व्हिएन्नाचे डॉ. अडॉल्फ लोरेन्झ शिकागोला पोहोचले, ते एका लहान मुलीसाठी. मांसाच्या धंद्यात गडगंज झालेल्या जे. ऑग्डेन आर्मर यांच्या लोलिताचा खुबा जन्मापासून निखळलेला होता. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नसल्यामुळे ती लंगडत चाले. लोरेन्झनी सुरी हातात घेतलीच नाही. भूल दिलेल्या मुलीचा पाय ताणला, आखडलेले स्नायू हातांनीच सैल केले, गोळा खोबणीत बसवला आणि लगेच प्लास्टर चढवलं. ही बातमी पसरताच गरीब आईबापांनी आपापली मुलं उचलून त्यांच्याकडे धाव घेतली. लोरेन्झनी अशा कितीतरी मुलांवर विनामूल्य उपचार केले.

सुरी न वापरण्यामागे एक अडचण होती. जंतुनाशक म्हणून तेव्हा वापरात असलेल्या कार्बोलिक आम्लाने त्यांच्या हातांची कातडी सोलवटून निघे. शस्त्रक्रिया सोडावी लागली आणि त्यातून ही रक्त न सांडणारी पद्धत उभी राहिली.

फ्रान्सच्या द्युपुइत्रां यांनी 1826 मध्ये या व्यंगाचं नेमकं वर्णन केलं होतं, पण त्यावर इलाज आहे असं त्यांना वाटत नव्हतं. बसवलेला गोळा जागेवर धरून ठेवायचा कसा, हाच मोठा पेच होता. तो सोडवायला 1851 मधला एक शोध उपयोगी पडला. आंतोनियस मॅथायसन या डच लष्करी वैद्याने कापडी पट्ट्यांत प्लास्टरची कोरडी पूड घासून भरली. पट्टी भिजवून गुंडाळली की काही मिनिटांत दगडासारखी घट्ट! लोरेन्झच्या हातांचं अर्धं श्रेय या पट्टीला द्यायला हवं.

पण त्या प्लास्टरमध्ये मुलांच्या मांड्या बेडकासारख्या दोन्ही बाजूंना पार फाकवलेल्या असत, आणि तशाच महिनोन्‌महिने राहत. एक्स-रेचा वापर वाढला तसं यातलं नुकसान दिसू लागलं. खुबा जागेवर, पण गोळा चपटा होत चाललेला. फाकवलेल्या मांडीत रक्तवाहिन्या दबत आणि वाढतं हाड उपाशी राहून मरे. मुलांचं भलं करायला निघालेल्यांच्या हातून हे व्हावं, हे वाचताना आजही जीव कळवळतो.

याला खरं उत्तर दिलं चेकोस्लोव्हाकियाच्या अर्नोल्ड पावलिक यांनी. 1940 च्या दशकात त्यांनी पट्ट्यांचा एक साज बनवला. त्यात गुडघे वर दुमडलेले राहतात, पण बाळ पाय झाडू शकतं, आणि त्या हालचालीतूनच गोळा हळूहळू जागेवर येतो. जोर नाही, जखडणं नाही. मात्र हा साज तान्ह्या बाळांसाठीच, साधारण पहिल्या सहा महिन्यांत. म्हणूनच इटलीतल्या फेरारा गावचे बालवैद्य मारिनो ऑर्तोलानी यांनी 1937 मध्ये मांडलेली तपासणी मोलाची ठरली. दुमडलेल्या मांड्या हलकेच बाहेर उघडताना निखळलेला गोळा परत खोबणीत सरकतो, ते बोटांना जाणवतं.

जपानमध्ये 1970 च्या दशकात तान्ह्यांचे पाय सरळ करून घट्ट गुंडाळू नका, अशी मोहीम निघाली आणि निखळलेल्या खुब्यांचं प्रमाण झपाट्याने उतरलं. आपल्याकडे मूल कडेवर पाय फाकवून बसतं, ते खुब्याला चांगलंच. पण दुपट्यात पाय ताठ करून करकचून बांधायची सवय घातक आहे, हे प्रत्येक आजीपर्यंत पोहोचायला हवं.

चालायला लागल्यावर दोष कळला, तर साज पुरत नाही. अशा मुलांसाठी टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी 1957 मध्ये खोबणीच्या वरचं कमरेचं हाड कापून खोबणीच गोळ्यावर झुकवली. फटीत त्याच मुलाच्या हाडाची पाचर, ती धरायला बारीक तारा, आणि वरून प्लास्टर. पार फाकवून जखडलेल्या मांडीने गोळा मरतो, हे त्यांनी 1969 मध्ये प्रयोगांनिशी मांडलं. प्लास्टरमध्ये मांडी किती उघडायची, याला तेव्हापासून मर्यादा आली.

आज दीड-दोन वर्षांचं मूल अशा शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे छातीपासून पायापर्यंत प्लास्टरमध्ये असतं. प्लास्टरला दोन पायांमध्ये ठेवलेल्या खिडकीत छोटा डायपर कडेच्या आत खोचायचा, वरून मोठा बांधायचा. दर काही तासांनी कूस बदलायची. बोटं गार किंवा निळसर पडली, तर तडक दवाखाना गाठायचा. कितीही खाज सुटली तरी आत काडी घालायची नाही. प्लास्टर कापणारं यंत्र गोल न फिरता नुसतं थरथरतं, त्यामुळे कातडीला सहसा इजा होत नाही, पण त्याच्या आवाजानेच मूल किंचाळतं. आतले पाय बारीक, कातडी खपल्यांची. एरवी दुडुदुडु धावणारं पोर पुन्हा कुशीवर वळण्यापासून सुरुवात करतं, मग रांगतं, मग पलंगाला धरून उभं राहतं. चाल काही काळ डुलती असते. आईवडिलांनी घाई करू नये; मूल आपल्या वेळेने उठतं. पुढे हाडांची वाढ पुरी होईपर्यंत ठरावीक काळाने एक्स-रे काढून खोबणी नीट घडते आहे ना, हे डॉक्टर पाहत राहतात.