आरेचे दूध आणि आतड्यातील जिवाणू

मुंबई शहरातील दाटीवाटीचे म्हशींचे तबेले बाहेर हलवून स्वच्छ दूध पुरवावे, या हेतूने १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाल्यावर प्रतिजैविके, म्हणजे जिवाणू मारणारी वा त्यांची वाढ रोखणारी औषधे, देशातच तयार होऊ लागली. दगडी, म्हणजे कासेला सूज येऊन दुधात गुठळ्या पडणारा रोग, झालेल्या म्हशीच्या सडातून औषध सोडले की त्याचा अंश काही दिवस दुधात उतरतो, म्हणून ते दूध विकायचे नसते. उकळल्यानेही हा अंश पूर्ण नाहीसा होत नाही, ही गोष्ट अंधेरी-बोरिवलीच्या घराघरांत केव्हाच पोहोचायला हवी होती. अशा अंशामुळे आतड्यात औषधाला दाद न देणारे जिवाणू टिकून राहण्याचा धोका असतो आणि त्यांची प्रतिकाराची जनुके इतर जिवाणूंकडेही जाऊ शकतात. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, विद्राव्य तंतू, म्हणजे पाण्यात विरघळणारा चोथा, अधिक खाणाऱ्यांच्या आतड्यांत ही जनुके कमी आढळली. त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नसला, तरी आरेच्या पाड्यांवरील वारल्यांची नाचणीची भाकरी, कडधान्ये आणि पावसाळ्यातील टाकळा, कुर्डू यांचा अभ्यास याच दृष्टीने व्हायला हवा.