सोन्याचा डॉलर आणि आपली पुतळ्यांची माळ

उत्तर कॅरोलिनात १७९९ साली कॉनरॅड रीड नावाच्या बारा वर्षांच्या पोराला ओढ्यात एक पिवळा, जड दगड सापडला. सतरा पौंडांचा. घरच्यांनी तो तीन वर्षं दाराला अडसर म्हणून वापरला आणि मग एका सोनाराला साडेतीन डॉलरला देऊन टाकला. दगड सोन्याचा होता, हे सोनाराला कळलं, विकणाऱ्याला नंतर. अमेरिकेतलं सोनं म्हटलं की सगळे कॅलिफोर्नियाचं नाव घेतात, पण त्याची सुरुवात पन्नास वर्षं आधी, अशी झाली.

हे आपल्या ग्रुपवर कशाला, असं विचाराल. मागे इथे पुतळ्यांच्या माळांचे फोटो आले होते. इंदूरच्या एका घरातल्या माळेत मधोमध पुतळी नव्हती, अमेरिकन अडीच डॉलर होता, वर झाळून बसवलेली कडी. खाली एकानं विचारलं होतं, कडी काढून घासूनपुसून विकला तर किती येतील? उत्तर एका ओळीत देता येईल: काढू नका. पण तसं का, ते सांगायला त्या नाण्यांचा इतिहास सांगावा लागतो, आणि तो मोठा मजेशीर आहे. थोडा वाईटही आहे.

अमेरिकेच्या १७९२ च्या कायद्यात सोन्याची तीनच नाणी होती: दहा, पाच आणि अडीच डॉलर. एक डॉलर चांदीचा. सोन्याचा पहिला एक डॉलर सरकारनं नाही, एका सोनारानं पाडला. क्रिस्टोफर बेख्टलर, जर्मनीतून आलेला, उत्तर कॅरोलिनात रदरफर्डटनजवळ दुकान टाकून बसलेला. खाणीवाले त्याच्याकडे कच्चं सोनं आणायचे, तो नाणी करून द्यायचा. १८३१ च्या सुमारास हे सुरू झालं. त्याच्या नाण्यांवर ना गरुड ना देवी. नाव, वजन किती ग्रेन आणि सोनं किती कॅरट, बस. आपल्या पेढीवरचा कोणीही जुना सोनार ते नाणं हातात घेऊन मान डोलावेल.

सरकारी एक डॉलर आला १८४९ मध्ये, कॅलिफोर्नियाचं सोनं यायला लागल्यावर. वजन १.६७२ ग्रॅम, म्हणजे तोळ्याचा साधारण सातवा भाग, त्यात ९० टक्के सोनं. आपल्या गिन्नीच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. व्यास जेमतेम १३ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढा. लोक वैतागले, खिशातून पडला तर सापडायचा नाही! म्हणून १८५४ मध्ये तेवढ्याच सोन्यात तो पातळ आणि १५ मिलिमीटर केला. त्याच वर्षी तीन डॉलरचं नाणं निघालं. कारण काय, तर पत्राचं तिकीट तीन सेंटचं आणि शंभर तिकिटांचा ताव तीन डॉलरचा. अशा हिशेबानं काढलेलं नाणं चालतं थोडंच? ते कधी धड चाललंच नाही. १८८९ नंतर दोन्ही बंद.

आता ती वाईट गोष्ट. जॉर्जियातल्या डोंगरात १८२९ च्या सुमाराला सोनं सापडलं. तो मुलूख चेरोकी लोकांचा. तिथे उभ्या राहिलेल्या गावाचं नाव डालोनेगा, तेही चेरोकींच्याच भाषेतल्या ‘पिवळा’ या अर्थाच्या शब्दावरून पडलेलं. १८३८ मध्ये या गावात सरकारी टांकसाळ सुरू झाली आणि त्याच १८३८ मध्ये सैन्यानं चेरोकींना घराघरांतून बाहेर काढून पश्चिमेकडे हाकललं. वाटेत हजारो मेले. शब्द मागे राहिला, माणसं गेली. त्या टांकसाळीच्या नाण्यांवर बारीकसं ‘डी’ अक्षर असतं आणि संग्राहक आज त्या अक्षरासाठी कितीतरी पट पैसे मोजतात. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, टांकसाळ बंडखोर दक्षिणेच्या हाती गेली, तेव्हा तिथे थोडे एक डॉलर पाडले गेले. किती, याची सरकारी नोंद नाही. त्या डॉलरसाठी लोक जीव टाकतात. मला मात्र ‘डी’ म्हटलं की आधी १८३८ आठवतं.

युद्धात सोनं बाजारातून गायबच झालं. १८६१ च्या अखेरीस बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं, ते थेट १ जानेवारी १८७९ ला पुन्हा सुरू झालं. तोवर छोट्या नाण्यांची सवय मोडली होती. पुढच्या दहा वर्षांतले डॉलर मुख्यतः भेट द्यायला आणि सोनारकामाला गेले: बटणं, कानातली, घड्याळाच्या साखळीची लोलकं. चार डॉलरचं एक नमुना नाणं १८७९-८० मध्ये निघालं, ‘स्टेला’. ते खासदारांना मिळालं आणि वॉशिंग्टनच्या बदनाम वस्तीतल्या बायकांच्या गळ्यात दिसू लागलं, अशी चावट दंतकथा आहे. कथेचं सोडा, पण काही स्टेलांवर कडीच्या खुणा खरोखर आहेत.

थोडक्यात, नाण्याचा दागिना करणं ही काही आपलीच खोड नाही. आपली पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं डुकाट. त्यावरची माणसांची आकृती पाहून आपण तिला पुतळी म्हटलं, माळेत ओवलं आणि मग सोनारांनी तशाच घडवायला सुरुवात केली. फरक एवढाच, की आपल्याकडे ओवल्यानं नाण्याचा मान वाढतो आणि अमेरिकन संग्राहकाच्या लेखी ते नाणं ‘बिघडलेलं’. भोक, झाळ, घासल्याची चमक, काहीही असलं की किंमत घसरते. कडी काढली तरी खूण राहते, उलट आणखी एक जखम होते.

इंदूरच्या माळेतला अडीच डॉलर १९०८ ते १९२९ मधल्या ‘इंडियन हेड’ जातीचा आहे. हे इंडियन म्हणजे आपण नव्हे बरं का, तिथले मूळचे लोक! बेला प्रॅट या शिल्पकारानं त्यावरचं चित्र उठावाऐवजी खोलगट केलं. खोबणीत मळ साचून रोग पसरेल, अशी तक्रारही झाली होती. वर्षं आणि टांकसाळी धरून या मालिकेत फक्त १५ नाणी. त्यातलं डेन्व्हरचं १९११ चं तेवढं दुर्मीळ, ५५,६८० च पाडलेलं. बाकीची धीर धरला तर जमतात, म्हणून नवे संग्राहक इथूनच सुरुवात करतात.

ही नाणी वाचली कशी, तेही बघा. एप्रिल १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी हुकूम काढला: सोनं जमा करा, माणशी १०० डॉलरपर्यंतची नाणी ठेवायची मुभा. दुर्मीळ नाण्यांना सूट. डिसेंबरच्या आदेशात तर अडीच डॉलरचं नाव घेऊनच लिहिलं, की संग्रहात एका वर्षाची, एका टांकसाळीची चारापेक्षा जास्त नकोत. ढीगच्या ढीग वितळले. बंदी उठली १९७४ च्या शेवटच्या दिवशी. आपल्याकडे १९६३ मध्ये मोरारजीभाईंचं सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरट, आणि दागिने सोडून बाकीचं सोनं जाहीर करा. सोनारांचे हाल झाले ते आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहेत. तो कायदा १९९० ला गेला.

एक सावधगिरी. १९५०-६० च्या दशकांत बैरुतकडे या छोट्या नाण्यांच्या नकला निघाल्या, त्याही खऱ्या सोन्याच्या. नाण्याला सोन्यापेक्षा जास्त भाव, म्हणून सोनं पुरं घालूनही नफा. तेव्हा नुसती कसोटी लावून नाणं खरं ठरत नाही. कॅलिफोर्नियातल्या सोनारांनी पाडलेले पाव आणि अर्ध्या डॉलरचे चिमुकले तुकडे असतात, काही गोल, काही अष्टकोनी. त्यांच्या नावावर पितळी माल फार खपतो. अस्वलाचं चित्र असेल तर तो नंतरचा बिल्ला समजा.

आणि कडीला नाक मुरडणाऱ्यांसाठी एक हकीकत. १८७० साली सॅन फ्रान्सिस्कोला पाडलेल्या तीन डॉलरचा सर्वमान्य असा एकच नमुना जगात आहे. त्यावरचं टांकसाळीचं ‘एस’ अक्षर हातानं कोरलेलं, मागे कोणीतरी ‘८९३’ आकडा खरवडलेला, आणि कधीकाळी दागिन्यात बसवल्याची खूण. अमेरिकेची सगळी नाणी जमवणारे बाल्टिमोरचे लुई एलियासबर्ग, त्यांच्या संग्रहात ते होतं. १९८२ मध्ये ६,८७,५०० डॉलरला गेलं. जानेवारी २०२३ च्या लिलावात ५५ लाख २० हजार डॉलर आले, खुणेसकट.

तर ज्यांच्या माळेत असं काही इंग्रजी अक्षरांचं असेल, त्यांनी रिठ्याच्या पाण्यात घालून ब्रशनं घासण्याआधी फोटो टाका. दोन्ही बाजू आणि कडेच्या रेघा दिसतील असा, आणि जमलं तर वजनही लिहा.