जाफरची तिसरी इच्छा

खलनायकाचा नाश त्याच्याच सत्तालालसेने होतो, हे विधान साहित्याच्या वर्गात आम्ही इतक्या वेळा केले आहे की त्याला पुरावा लागतो, याचाच आम्हांला विसर पडला होता. उदाहरण मागितले की विद्यार्थी मॅकबेथ सांगतात, दुर्योधन सांगतात आणि एखादा हमखास ‘अलादीन’ या चलत्‌चित्रपटातल्या जाफरचे नाव घेतो. या शेवटच्या उत्तराकडे हसून दुर्लक्ष करू नये, असे आम्हांला आता वाटते. जाफर हे केवळ एक रंगवलेले चित्र नाही. त्या नावाचा एक वजीर इतिहासात होऊन गेला आहे आणि त्याचाही अधःपात झाला. मात्र या दोन अधःपातांची कारणे एक नाहीत.

प्रथम चित्रपट पाहू. रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर यांनी दिग्दर्शित केलेला डिस्नेचा ‘अलादीन’ १९९२ साली आला. त्यातला जाफर हा अग्रबाच्या सुलतानाचा वजीर. सर्पाकृती दंडाने तो सुलतानाला भारून टाकतो आणि राज्य जवळजवळ तोच चालवतो. तरीही प्रत्येक वेळी मान लववावी लागते, हे त्याचे शल्य. दिवा हाती लागताच तो पहिली इच्छा मागतो ती सुलतान होण्याची. राजकन्या आणि तिचा पिता झुकत नाहीत, म्हणून दुसरी इच्छा सर्वश्रेष्ठ जादूगार होण्याची. मग अलादीन त्याला डिवचतो, की ही शक्ती जिनीने दिलेली आहे, म्हणजे जिनी तुझ्याहून मोठाच. जाफर तिसरी इच्छा मागतो, जिनी होण्याची. ती पूर्ण होते, मनगटांत बेड्या पडतात आणि तो दिव्यात ओढला जातो. कोणी त्याला मारत नाही. त्याने मागितले तेच त्याला मिळते. बोधकथा म्हणून हा शेवट निर्दोष आहे.

परंतु मूळ कथेत हा जाफर नाहीच. अलादीनची गोष्ट ‘अरेबियन नाइट्स’च्या जुन्या अरबी हस्तलिखितात सापडत नाही. अलेप्पोहून पॅरिसला आलेल्या हन्ना दियाब या तरुणाने ती १७०९ साली आंत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताला सांगितली आणि गालाँच्या फ्रेंच ग्रंथात ती १७१२ साली छापली गेली. तिथे घटना चीनमध्ये घडते आणि दिव्याच्या मागे लागलेला खलपुरुष हा मगरिबातून आलेला एक जादूगार आहे. त्या कथेत वजीर आहे, पण तो दुय्यम. त्याचे नाव जाफर नाही.

मग हे नाव आले कुठून? जाफर बिन याह्या हा बगदादचा खलिफा हारून अल-रशीद याचा जिवलग आणि अधिकारी. त्याचे बरमकी घराणे बल्खचे. ‘बरमक’ ही तिथल्या नवविहार या बौद्ध मठाच्या प्रमुखाची पदवी. तिचा उगम संस्कृत ‘प्रमुख’ शब्दात आहे, असे अभ्यासक मानतात. ७८६ साली हारून गादीवर आला, तेव्हापासून सतरा वर्षे साम्राज्याचा कारभार मुख्यतः या घराण्याने पाहिला. जाफरचा पिता याह्या याने भारतीय वैद्यकग्रंथांची अरबी भाषांतरे करवून घेतली. ८०३ सालच्या जानेवारीत एका रात्री हारूनने जाफरचा शिरच्छेद करविला. त्याचे मस्तक आणि धडाचे दोन भाग बगदादच्या तीन पुलांवर टांगले गेले. याह्या आणि दुसरा मुलगा फज्ल कैदेतच मेले. कारण काय, याविषयी तबरीसारखा इतिहासकारही एकाहून अधिक हकिकती नोंदवतो. जाफर स्वतः गादी बळकावू पाहत होता, असे मात्र सिद्ध होत नाही. त्याची सत्ता उसनी होती आणि देणाऱ्याने ती एका रात्रीत परत घेतली, एवढे निश्चित.

लोककथेने या माणसाला प्रेमाने सांभाळले. ‘अरेबियन नाइट्स’मध्ये वेषांतर करून रात्री बगदादेत हिंडणाऱ्या हारूनबरोबर जाफर असतोच. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टीं’मुळे ही जोडी मराठी वाचकालाही अपरिचित नाही. ‘तीन सफरचंदे’ या कथेत खलिफा त्याला बजावतो की तीन दिवसांत खुनी शोध, नाहीतर तुला फासावर चढवतो. कथेतही वजिराची मान धन्याच्या लहरीवर टांगलेली आहे. हा जाफर खलनायक झाला तो पडद्यावर. १९४० सालच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या ब्रिटिश चित्रपटात कॉनराड फाइटने जाफर नावाचा कपटी जादूगार वजीर रंगवला आणि पुढे डिस्नेच्या चित्रपटाने त्याच वळणाचा वजीर उचलला. ज्याचा बळी गेला, त्याच्याच नावावर अपराध चढला.

असा नैतिक हिशेब मागाहून जुळवण्याची प्रथा जुनी आहे. आपल्या पंचतंत्रात दमनक नावाचा कोल्हा कपटाने सिंह आणि बैल यांची मैत्री तोडतो, बैल मारला जातो आणि दमनकाला मंत्रिपद मिळते. शिक्षा होत नाही. हीच कथा आठव्या शतकात ‘कलिला व दिमना’ म्हणून अरबीत नेताना इब्न अल-मुकफ्फाने एक प्रकरण वाढवले, असे अभ्यासक मानतात. त्यात दिमनावर खटला चालतो आणि तो कैदेत मरतो. पुढे या ग्रंथाचे पद्यरूप अबान अल-लाहिकी या कवीने रचले, ते बरमकी घराण्यासाठीच. महत्त्वाकांक्षी दरबाऱ्याला शासन होते, हे काव्य ज्या घरात वाचले गेले, त्या घराला शासन झाले ते महत्त्वाकांक्षेच्या खटल्याविनाच.

म्हणून वर्गातले ते विधान आम्ही आता थोडे बदलून मांडतो. सत्तेची लालसा माणसाला खाते, हे खरे. पण ही गोष्ट सांगताना लालसा नेहमी वजिराची दाखवली जाते, सुलतानाची नाही. चित्रपटाच्या शेवटी सुलतान एका शब्दाने कायदा बदलतो आणि राजकन्येला मनाजोगता वर निवडू देतो. आपण सुखावतो, एका शब्दात कायदा बदलणाऱ्या सत्तेविषयी प्रश्न विचारत नाही.

तरीही चित्रपटकर्त्यांच्या हातून नकळत एक सत्य निसटले आहे. अमर्याद सामर्थ्य, पण ते वापरायचे धन्याच्या आज्ञेने आणि राहायचे त्याने ठेवलेल्या जागेत, ही जिनीची अवस्था म्हणजे वजिराचीच अवस्था नव्हे काय? अग्रबाचा जाफर आयुष्यभर वजीरपणातून सुटू पाहतो आणि तिसऱ्या इच्छेने पुन्हा वजीरच होतो, या वेळी बेड्यांसकट. बगदादच्या जाफरला ती इच्छा मागावी लागली नव्हती. तो जन्मभर दिव्यातच राहत होता.